नव्वदीतलं घंगाळ

अमळनेरात जुनं भांडं विकायला काढायचं असेल तर आधी त्याच्या काठावरचं नाव वाचावं. लग्नात आलेल्या परातीवर, हंड्यावर, कळशीवर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं असतं: कोणाला, कोणाकडून, कोणत्या साली. लांबच्या गिऱ्हाइकाला या कोरीवकामाचं भलतं कौतुक, त्यासाठी तो चार पैसे जास्तही मोजतो. अडचण एवढीच, की ज्यांचं नाव कोरलंय त्यांची पोरंनातवंडं दोन गल्ल्या सोडून राहतात आणि मोबाइल त्यांच्याही हातात आहे.

मी पितळी परातीचा फोटो ॲपवर टाकला तो दुपारची भांडी झाल्यावर. चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच मोठ्या जाऊबाई दारात उभ्या. त्या एरवी माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलतात. अहिराणी निघाली की समजायचं, प्रकरण तापलंय.

"मन्हा मामानी देयेल परात शे ती. तुले कोणी सांगं इकाले?"

ही परात कित्येक वर्षं आमच्या माळ्यावर पालथी पडून होती. तिच्याखाली उंदरांच्या पिढ्या नांदल्या. तेव्हा मामा कोणाला आठवले नाहीत. पण फोटोत तिच्यावर उन्हाची तिरीप पडली, खाली भाव लिहिला गेला, आणि मामा, मामांचं गाव, कपाशी बुडालेल्या साली मामांनी ती परात उधारीवर कशी आणली, हे सगळं जिवंत झालं. दिवेलागणीला पारोळ्याहून मामांच्या मुलाचा फोन. त्याला परात नको होती. आम्ही अडचणीत आहोत का, एवढंच त्याला विचारायचं होतं. "वहिनी, संकोच करू नका," असं तो पुन्हापुन्हा म्हणाला. दुसऱ्या दिवशी यांच्या पतसंस्थेत शिपायानेही आडून आडून चौकशी केली. पतसंस्थेतल्या माणसाच्या घरची परात विकायला निघाली म्हटल्यावर ठेवीदारांनी घाबरायचं नाही तर काय करायचं?

परात शेवटी जाऊबाईंकडे गेली. त्यांच्या माळ्यावरही ती पालथीच आहे. मी बघून आले.

हा धंदा डोक्यात भरवला आमच्या चिरंजीवांनी. तो पुण्यात नोकरी करतो आणि तिथे कोणाच्या तरी घरी त्याने दिवाणखान्यात जातं ठेवलेलं पाहिलं. जात्यावर काच, काचेवर कॉफीचे मग. बंबाचा दिवा केलेला, उखळात मनीप्लँट, भिंतीवर सूप. "मम्मी, आपल्या माळ्यावर लाखाचा माल पडलाय," असं त्याने रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं. सासूबाईंना हे सगळं सविस्तर ऐकवलं तेव्हा त्यांना एकच प्रश्न पडला, की ती माणसं दळण कुठे दळतात.

घरातल्या वस्तूंना नातेवाईक असतात म्हटल्यावर बेवारस माल शोधणं आलं. बसस्टँडमागचा भंगारवाला भला माणूस. पहिल्या खेपेला त्याने पानाचा डबा, झाकण हरवलेलं तपेलं आणि एक अडकित्ता मोडीच्या भावात काट्यावर टाकून दिला. पण मी अडकित्त्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, ते त्याने बघितलं. पुढच्या खेपेला दुसरा अडकित्ता उचलला तर त्याने काटा बाजूला सारला, खिशातून मोबाइल काढला आणि अडकित्त्याचा फोटो घेतला.

"ताई, हाई मोड नही, हाई अँटिक शे."

पुराव्यादाखल त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. हुबेहूब तसाच अडकित्ता, दणदणीत भाव, मागे फुलाफुलांची चादर. चादर ओळखीची वाटली. ओळखीची असणारच, आमच्याच पलंगावरची होती. मीच टाकलेल्या फोटोवरून मीच ठरवलेला भाव तो मलाच सांगत होता, आणि त्यात एक रुपया कमी करायला तयार नव्हता. "बजारभाव शे ताई," म्हणाला. तो अडकित्ता माझ्याकडे अजून पडून आहे, कारण त्या भावाला तो फक्त मीच घेतला.

विकत घेणं तरी समोरासमोर होतं. विकणं म्हणजे भुताशी बोलणं. ना नमस्कार, ना चमत्कार, थेट विचारणा: "लास्ट प्राइस?" सांगितली की माणूस गायब. नाही सांगितली तरी गायब. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही, पण दाबणाऱ्याला निदान समोर बोट आहे एवढी तरी खात्री असते. इथे रात्री एक वाजता कोणीतरी "लास्ट?" एवढंच टंकून झोपी जातो आणि मी जागी.

मधूनच एखादा शूर जवानही येतो. त्याला समईचा फोटो बघताक्षणी समई हवी असते, भावात घासाघीस नाही. तो सीमेवर आहे, गाडी पाठवून माल उचलेल, फक्त त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायचा की पैसे आपल्या खात्यात. हे शेजारी बसून जेवत होते. "पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो," एवढं बोलून त्यांनी वरणाची वाटी पुढे केली. पतसंस्थेतल्या नवऱ्याचा मला झालेला हा ठळक फायदा. शेजारच्या काकूंना मात्र अजून कोणी आवरू शकलेलं नाही. ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाचाच्या नोटेला लाखो रुपये मिळतात असा व्हिडिओ त्यांनी पाहिलाय. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली आमचं नाव वापरून फी उकळतात, आम्ही अशा व्यवहारात नाही, असं खुद्द रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं, तेही मी त्यांना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, बँक असं म्हणणारच, तिलाच हव्या असतील.

मुरलेलं गिऱ्हाईक वेगळं. ते वय विचारतं. "शंभर वर्षं जुनं आहे ना?" हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभर म्हणावं तर कायदा, पन्नास म्हणावं तर भाव पडतो. त्यामुळे माझ्याकडचा सगळा माल नव्वदीतला आहे. घंगाळ नव्वदीतलं, गडवा नव्वदीतला, ठाणवई नव्वदीतली. चिरंजीव म्हणतो, एवढे वृद्ध एका घरात शोभत नाहीत, एखाद्याला साठीचा कर.

खरी जन्मतारीख फक्त एका वस्तूला होती. भुसावळच्या नंदोईंकडे हातात धरायचा रेल्वेचा कंदील आहे, त्यावर जीआयपी अशी अक्षरं उठवलेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत गेली, म्हणजे कंदील त्याच्या आधीचा. इतका पक्का पुरावा आमच्या सासूबाईंच्या वयाचाही नाही. नंदोईंनी मोठ्या मनाने कंदील विकायला दिला, आणि नाशिकच्या एका गिऱ्हाइकाने पहिल्याच निरोपात पावती मागितली. रेल्वेचा माल विनापुरावा घरात ठेवणाऱ्यांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, हे त्याला माहीत होतं, मला तेव्हाच कळलं. नंदोईंना फोन लावला.

"पावती?" फोनवरून इंजिनाची वाफ सुटल्यासारखा आवाज आला. "माझ्या वडिलांना साहेबाने हाताने दिलाय तो. साहेब सत्तेचाळीसला विलायतेला गेला. त्याच्या मागे मागे पावती आणायला जाऊ का?"

रविवारच्या पॅसेंजरने ते स्वतः येऊन कंदील घेऊन गेले. जाताना भरीत-भाकरी खाऊन गेले, बोलले मात्र फक्त यांच्याशी.

खरं सांगायचं तर आमच्या घरातली सगळ्यात मागणी असलेली वस्तू ना पितळेची होती ना तांब्याची. अमळनेरात १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाचा वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. तीच कंपनी पुढे विप्रो झाली, तुपातून संगणकात शिरली आणि मुख्यालय बंगळुरूला थाटून बसली. तुपाचे पत्र्याचे डबे मात्र आमच्या घराघरांत राहिले. सासूबाईंकडे तसला एक आहे, रंग बऱ्यापैकी शाबूत. त्यात त्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, ठेवतात. मागे कशाच्या तरी फोटोत तो डबा कोपऱ्यात आला, आणि त्या वस्तूचं कोणी विचारलं नाही, डब्यासाठी मात्र झुंबड उडाली. एकाने तर त्या डब्याला एवढे पैसे देऊ केले की तेवढ्यात स्टीलच्या डब्यांची उतरंड आली असती. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बिबड्या काय डोक्यावर ठेऊ?" विषय संपला. डबा विकायचा नाही.

मग घंगाळाचं गिऱ्हाईक आलं. बंगळुरूची बाई, मूळची पुण्याची, लोकांची घरं सजवून देण्याचा तिचा व्यवसाय. घंगाळात पाणी भरून त्यात फुलं सोडायची होती. भाव ठरला, पैसे आगाऊ आले, मी गगनात. खाली आले ती कुरिअरच्या दुकानात. घंगाळ सात किलोचं, पण खोका झाला साठ बाय साठ बाय चाळीस सेंटिमीटर. मोठ्या आणि हलक्या मालाला वजन काट्यावर धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून पाच हजाराने भागतात, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. पोराने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला: २८.८. सात किलो घंगाळ आणि बाकी वरचे सगळे किलो अमळनेरची हवा. त्या हवेला बंगळुरूपर्यंतचं भाडं. माझा सगळा नफा त्या हवेत गेला.

खोका घरी परत आणला. जरा लहान करता येईल का बघू म्हटलं. सासूबाई चष्मा लावून खोक्यात वाकल्या. त्यांना भाड्याचं काही वाटलं नाही, त्यांना दुसरंच दिसलं.

"रिकामं भांडं धाडतस का कोठे? लोके काय म्हनतीन?"

मी सांगत राहिले की हे वाण नाही, विक्री आहे. त्या बाईने घंगाळाचे पैसे दिलेत, भरायचे नाहीत. पण आमच्या घरातून शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी परत गेलेली नाही. उन्हाळ्यात ज्वारी भिजवून, भरडून, घाटा शिजवून, ओल्या कापडावर थापून केलेल्या त्या पुरणपोळीएवढाल्या बिबड्या. डबा उघडला आणि थराथरांनी घंगाळात लावल्या. तीळ-लसणाच्या वेगळ्या, साध्या वेगळ्या. वरून नागलीचे पापड. फटीत कुरडया. कुरिअरवाल्याकडे पुन्हा नेला तेव्हा खोका तेवढाच आणि भाडंही तेवढंच. भाडं आधीपासून भरलेलंच होतं म्हणायचं, आम्ही फक्त हवेच्या जागी बिबड्या बसवल्या.

बाईने ॲपवर अभिप्राय लिहिला. घंगाळाला तीन चांदण्या, काठाला पोचा आहे म्हणून. (पोचा फोटोत दिसत होता. असो.) खाली लिहिलं होतं, सोबत आलेला खाऊ अप्रतिम, तो विकता का? मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग शांतपणे नगाला भाव सांगितला, आणि तो ऐकून मला त्यांच्या शेजारून उठून यांच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. बाईने उलट विचारलं, लास्ट प्राइस? सासूबाईंनी मला टंकायला सांगितलं: पुढल्या खेपेला ज्वारी महाग व्हनार शे. पैसे दहा मिनिटांत आले. मी इतके महिने घासाघीस करत होते, हे उत्तर मला कसं सुचलं नाही कोण जाणे.

ते पार्सल सासूबाईंनी आणि चिरंजीवांनी मिळून केलं. तो चार दिवस सुट्टीवर आला होता आणि मी माहेरी फैजपूरला गेले होते. परत आले तर स्वयंपाकघरात फळीवर नवाकोरा स्टीलचा डबा. जुना कुठाय विचारलं, तर बिबड्या मोडू नयेत म्हणून त्यातूनच धाडल्या. मी मटकन खाली बसले. सासूबाईंना त्यात काही वावगं दिसेना. डबा विकायचा नाही असं त्या म्हणाल्या होत्या. द्यायचा नाही असं कधी म्हणाल्या होत्या? कंपनी गेली त्या वाटेने डबाही बंगळुरूला गेला, तोही फुकट, वर भाडं आमचं.

परवा ॲपवर तो दिसला. पांढऱ्या भिंतीपुढे, बाजूला वाळक्या गवताची काडी, खाली "दुर्मीळ, अमळनेर" आणि एक असा आकडा की सासूबाईंना अजून सांगितलेला नाही. रात्रीचा एक वाजला होता. मी बराच वेळ बघत बसले आणि मग टंकलं:

"लास्ट प्राइस?"