पिशवीवरची तारीख आणि पातेल्यातले दूध

उन्हाळा लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी दुधाच्या पिशवीचा फोटो टाकते, तारीख कालची असते, पिशवी फ्रीजमध्येच होती असे सांगते आणि वापरू की ओतून देऊ असे विचारते. मग लगेच दोन तट पडतात. एका तटाच्या मते तारीख उलटली की दूध विषासमान. दुसऱ्याच्या मते या तारखा कंपन्यांनी खप वाढवण्यासाठी काढलेल्या आहेत, आपल्या आज्या नुसत्या वासावरून दूध ओळखत असत. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. माझे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रात झाले आहे आणि घरातले दूध रोज मीच तापवते, म्हणून हा विषय ग्रुपवरच्या दोन ओळींत न उरकता इथे सविस्तर मांडते आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर काय छापायचे हे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, ठरवते. या संस्थेच्या २०२० च्या लेबलिंगविषयक नियमांनुसार पदार्थ तयार केल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख छापणे सक्तीचे आहे. ‘बेस्ट बिफोर’ छापायचे की नाही हे उत्पादकाच्या इच्छेवर सोडलेले आहे. यांतल्या ‘बेस्ट बिफोर’चा संबंध चव, कुरकुरीतपणा, सुवास अशा दर्जाशी असतो आणि ती तारीख गेल्यावरही पदार्थ खाण्यास सुरक्षित असू शकतो, हे नियमातच मान्य केलेले आहे. ‘यूज बाय’ उलटल्यावर मात्र तो पदार्थ विकूही नये आणि खाऊही नये, अशी अपेक्षा आहे. ग्राहकाच्या दृष्टीने माझी पहिली तक्रार इथेच आहे. बिस्किटाच्या पुड्यावर आणि दुधाच्या पिशवीवर एकाच धाटणीची तारीख येऊ लागली, की माणसे दोन्हींना एकच न्याय लावतात. महिनाभर जुने बिस्किट खाऊन काहीच झाले नाही हा अनुभव गाठीशी असतो, आणि तोच अनुभव नकळत दुधालाही लावला जातो. वास्तविक कोरड्या बिस्किटात जिवाणू वाढायला पुरेसे पाणी नसते. दुधात पाणी, साखर, प्रथिने, स्निग्धांश असे सगळेच हजर असते. जिवाणूंच्या वाढीला त्याहून सोयीची जागा घरात दुसरी सापडणार नाही.

दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुधाच्या पिशवीवरची तारीख कधी एकटी नसते, तिच्या शेजारी एक अट छापलेली असते. पुढची पिशवी हातात आली की ती पुसून कोरडी करा आणि उजेडात धरून सगळा मजकूर वाचा. पाच अंश सेल्सियसच्या खाली ठेवल्यास अमुक तारखेपर्यंत, अशा अर्थाचे वाक्य बारीक अक्षरांत कुठेतरी सापडेल. तारीख ठळक आणि अट बारीक, हे प्रमाण उलटे हवे होते असे माझे ठाम मत आहे. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद, किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटे तापवतात आणि लगेच चार अंशांपर्यंत थंड करतात. या पाश्चरीकरणाने रोगकारक जंतू मरतात, परंतु दूध निर्जंतुक होत नाही. उष्णतेला दाद न देणारे काही जिवाणू आणि काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपे, त्यात जिवंत राहतात आणि थंडाव्यात फक्त सुस्तावतात. तारखेचे सगळे गणित त्या सुस्तीवर आधारलेले आहे. डेअरीपासून घरापर्यंतच्या साखळीत कुठेही दूध तापले, तर छापील तारीख तीच राहते, पण तिच्यामागचे गणित कोलमडते.

आणि आपल्याकडे ते कोलमडण्याच्या जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. पहाटे टेम्पोतून क्रेट उतरतात आणि दुकान उघडेपर्यंत फुटपाथवर पडून असतात. मे महिन्यात सकाळी सातलाच ऊन चटका देते. आमच्या जवळच्या एका दुकानात वीजबिल वाचवण्यासाठी रात्री फ्रीज बंद करून ठेवत, हे मला तिथे काम करणाऱ्या मुलानेच सांगितले. तोवर त्या दुकानातले दूध वारंवार का नासते याचे कोडे मला पडलेले होते. त्या दुधाची तारीख दर वेळी अगदी व्यवस्थित असे. तारखेतले दूध सकाळी पातेल्यात फाटते आणि दुकानदार तारीख दाखवून हात वर करतो, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. अशा वेळी डेअरीला दोष देऊन आपण मोकळे होतो, परंतु दूध डेअरीतून निघाल्यावर आपल्या दारात येईपर्यंतच्या तासांबद्दल कुणालाच विचारत नाही.

मग दूध चांगले आहे की नाही हे घरी ठरवायचे कसे? माझे उत्तर असे आहे की तापवून ठरवावे, आणि तेही थोडेच तापवून. शंका असलेल्या पिशवीतले चार चमचे दूध छोट्या वाटीत किंवा कढल्यात घ्यावे आणि ते चांगले उकळू द्यावे. दूध सरळ वर आले, कडेला फेस धरला आणि चमच्यावर घेतल्यावर एकसंध राहिले, तर उरलेले पातेल्यात ओतावे. कडेला बारीक कणी दिसली, किंवा चमचा उलटा केल्यावर त्याच्या पाठीवर रव्यासारखे ठिपके राहिले, तर ते दूध चहाच्या कामाचे नाही. हा काही माझा शोध नव्हे. संकलन केंद्रावर आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत हीच चाचणी परीक्षानळीत थोडे दूध घेऊन, ती उकळत्या पाण्यात धरून केली जाते. तिच्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) ६.७ च्या आसपास असतो. जिवाणू दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल करू लागले की तो उतरत जातो. सामान्य तापमानाला दुधातील केसिन हे प्रथिन साखळते ते सामू ४.६ च्या जवळ पोहोचल्यावर, म्हणजे दूध उघड उघड आंबल्यावरच. उष्णता मिळाली की मात्र ते त्याच्या कितीतरी आधी साखळते. म्हणून पिशवीत धड दिसणारे आणि नाकाला काहीच न कळू देणारे दूध गॅसवर चढताच फाटते. नाकापेक्षा उकळी अधिक लवकर सांगते.

म्हणूनच आदल्या दिवशीच्या उरलेल्या दुधात नवी पिशवी ओतून एकत्र तापवण्याची जी पद्धत अनेक घरांत आहे, ती मला अजिबात पटत नाही. जुने दूध किंचित जरी आंबूस झालेले असले तरी ते ताज्या दुधालाही घेऊन बुडते, आणि नासले कोणते होते हे मग कुणालाही सांगता येत नाही. जुने वेगळे तापवावे, नवे वेगळे तापवावे. जास्तीचे एक भांडे घासावे लागते, एवढेच.

याहून वाईट सवय म्हणजे दूध फाटू नये म्हणून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकणे. काही ठिकाणी हा घरगुती उपाय म्हणून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. सोड्याने आम्ल मारले जाते, दूध फाटत नाही, पण त्यातले जिवाणू आणि त्यांनी केलेली घाण जिथल्या तिथे राहते. आपल्याला सावध करणारी एकमेव खूण आपणच पुसून टाकतो. विक्रीच्या दुधात असे आम्लनाशक मिसळणे ही भेसळ आहे. बाहेर ज्याला आपण भेसळ म्हणतो, ते स्वयंपाकघरात युक्ती म्हणून खपवून घेऊ नये.

आता उकळीच्या चाचणीची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. ती आम्लता दाखवते, रोगकारक जंतू दाखवत नाही. काही जिवाणू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतात आणि आंबटपणा न आणता प्रथिने व स्निग्धांश फोडत राहतात; असे दूध कधी कधी न फाटताही कडवट किंवा खवट लागते. बीजाणूंच्या रूपाने पाश्चरीकरणातून वाचणारा बॅसिलस सिरियस हा जिवाणू दूध आंबट न करताही साखळवू शकतो. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूने एकदा दुधात विष सोडले, की उकळण्याने जिवाणू मरतात, विष मात्र टिकते. म्हणूनच ‘उकळले की सगळे शुद्ध होते’ हा समज अर्धाच खरा आहे. दूध बराच वेळ उबेत राहिले होते हे तुम्हाला माहीत असेल, तर ते उकळीत टिकले तरी माझ्या मते वापरू नये.

इंग्लंडमधील एक बातमी अधूनमधून फिरत असते. मॉरिसन्स या तिथल्या सुपरमार्केट साखळीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या बहुतेक दुधावरून ‘यूज बाय’ काढून ‘बेस्ट बिफोर’ छापण्याचे जाहीर केले आणि ग्राहकांनी दूध ओतून देण्याआधी वास घेऊन पाहावा असे सुचवले. दुधाची नासाडी थांबवण्याचा त्यांचा हेतू चांगलाच आहे. परंतु ही बातमी आपल्याकडे ‘बघा, तारखेला अर्थ नाही’ असे म्हणण्यासाठी वापरली जाते, तेव्हा तिथली परिस्थिती सोयीस्करपणे विसरली जाते. तिथे दूध डेअरीपासून घरच्या फ्रीजपर्यंत थंडच राहील अशी व्यवस्था आहे आणि हवाही थंड आहे. आपल्याकडे ती हमी नाही. त्या बदल्यात दूध घरी आणताच उकळण्याची सवय आहे, जी तिकडे फारशी नाही. दोन ठिकाणची दक्षता वेगवेगळ्या टप्प्यांवर आहे, त्यामुळे तिकडचा सल्ला जसाच्या तसा इकडे उचलण्यात शहाणपण नाही.

उकळण्याच्या या सवयीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तिचा उत्तरार्ध आपण नीट पाळत नाही. सकाळी तापवलेले दूध दुपारपर्यंत ओट्यावर झाकून ठेवलेले असते, साय जाड यावी म्हणून. मे महिन्यात स्वयंपाकघरातले तापमान पस्तीस अंशांच्या पुढे जाते, आणि उकळीतून वाचलेल्या बीजाणूंना जागे व्हायला तेवढी ऊब पुरते. पातेले परातीत गार पाणी घालून त्यात ठेवावे, वाफ गेली की झाकावे आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये सरकवावे. साय फ्रीजमध्येही उत्तम धरते. फ्रीजमध्येही दाराच्या कप्प्यात ठेवू नये. दार सतत उघडते आणि तो कप्पा सगळ्यांत उबदार असतो. आमच्याकडे तापवलेले दूध दोन दिवसांत संपवायचे हा नियम आहे.

फाटलेल्या दुधाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक घरात भावनेचा असतो, कारण दूध ओतून देणे जिवावर येते. त्याच दिवशी आणलेले, थंड राहिलेले दूध तापवताना फाटले, त्याला घाण वास नसला आणि चव फक्त किंचित आंबूस असली, तर मी ते गाळून साखर घालून आटवते. पण वास कुबट असेल, चव कडू असेल किंवा दूध चिकट होऊन तार धरत असेल, तर कलाकंदाचा मोह सोडावा. पिशवीचे दूध आपोआप साखळले तर त्याला दही समजू नये हेही आवर्जून सांगते. दही लावताना आपण ओळखीचे विरजण घालतो. पाश्चरीकरणात दूध आंबवणारे बरेचसे जिवाणू मेलेले असतात, त्यामुळे ते बिघडते तेव्हा मागे उरलेल्या भलत्याच जिवाणूंच्या हातून बिघडते.

टेट्रा पॅकमधल्या दुधाची गोष्ट वेगळी आहे. ते १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात भरतात, म्हणून बंद असेपर्यंत महिनोन्‌महिने फ्रीजबाहेर टिकते. खोक्याचा कोपरा कापला की मात्र वरची लांबची तारीख संपली. मग ते साध्या दुधासारखेच थंड ठेवून दोन-तीन दिवसांत वापरावे. फुगलेले खोके उघडूसुद्धा नये.

लहान बाळ, गरोदर स्त्री, वृद्ध माणूस किंवा आजारपणातून उठलेले कुणी घरात असेल, तर मी वर लिहिलेल्या चाचण्यांच्या भरवशावरही तारखेपलीकडचे दूध त्यांना देत नाही. निरोगी माणसाचे एक दिवस पोट बिघडणे आणि तान्ह्या मुलाला जुलाब लागणे या सारख्या गोष्टी नाहीत. इतरांसाठी, काल तारीख संपलेली, सलग फ्रीजमध्ये राहिलेली आणि उकळीत धड टिकलेली पिशवी ओतून द्यावी असे मी म्हणणार नाही. नियमाची अपेक्षा वेगळी आहे हे मी वर सांगितलेच आहे. हा माझ्या घरापुरता, माझ्या जबाबदारीवरचा निर्णय आहे. उलट, तारखेत असलेली पण दुपारभर गाडीच्या डिकीत राहिलेली पिशवी मी कुणालाच देणार नाही.

आमच्या सोसायटीतर्फे आम्ही दूध वितरकाला आणि समोरच्या दोन दुकानदारांना पत्र देत आहोत. त्यात तीनच मागण्या आहेत: क्रेट उतरवल्यावर उघड्यावर ठेवू नयेत, दुधाच्या फ्रीजमध्ये ग्राहकाला दिसेल असा तापमापक लावावा आणि तो फ्रीज रात्रीही चालू ठेवावा. डेअरीसाठी वेगळे पत्र आहे. पिशवी ओली झाल्यावर पुसली न जाणारी शाई वापरावी आणि तापमानाची अट तारखेइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत छापावी, अशी विनंती त्यात केली आहे. पत्रांचा मसुदा कुणाला आपल्या सोसायटीसाठी हवा असेल तर खाली कळवा, मी पाठवते.