बाळाच्या नावाला एकवीस दिवसांची मुदत नाही

मुलगा झाल्याचा निरोप घरच्या ग्रुपवर पडला की अभिनंदनांच्या पाठोपाठ एक मजकूर हमखास येतो. सारांश असा: ‘२१ दिवसांच्या आत बाळाचं नाव नोंदवा, नाहीतर जन्मदाखला मिळत नाही. एकदा नोंदवलेलं नाव पुढे कधीच बदलत नाही. म्हणून आधी जन्माक्षर काढून घ्या, शास्त्राप्रमाणे त्याच अक्षरावरून नाव ठेवा, आणि इंग्रजी स्पेलिंगचा अंक जुळवून घ्या.’ खाली निवडक संस्कृत नावांची लांबलचक यादी.

पाठवणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल शंका नाही. पण या मजकुरापायी ताज्या बाळंतिणीला जो ताप होतो, तो मी आत्या म्हणून जवळून पाहिला आहे. टाके दुखत असताना वहिनी उशाला टेकून बसली होती आणि चार जण चार याद्या वाचून दाखवत होते. कारण एकच, ‘दवाखान्यातला फॉर्म आजच भरायचाय.’ म्हणून एकेक दावा नीट तपासू या.

पहिला दावा २१ दिवसांचा. ही मुदत खरी आहे, पण ती जन्म कळवण्याची आहे, नाव ठरवण्याची नाही. ती ठरवणारा कायदा म्हणजे १९६९ चा जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम. दवाखान्यात बाळंतपण झालं तर जन्म कळवण्याची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची, घरी झालं तर कुटुंबप्रमुखाची. याच कायद्याचं कलम १४ खास नावाविषयी आहे. नावाशिवाय जन्म नोंदला गेला तर पालकांनी नंतर नाव कळवायचं आणि निबंधकाने, म्हणजे जन्मनोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने, ते रजिस्टरात चढवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. नोंदणी झाल्यापासून बारा महिन्यांपर्यंत हे काम विनाशुल्क होतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून होतं.

आणि ज्या फॉर्मसाठी एवढी धावपळ, तो जन्म अहवालाचा फॉर्म कधी हातात घेऊन वाचा. बाळाच्या नावाच्या रकान्यात ‘असल्यास’ असं आहे, आणि नाव ठेवलं नसेल तर जागा कोरी सोडा अशी सूचनाही आहे. कोरी म्हणजे कोरीच. तिथे ‘बेबी’, ‘बाळ’, ‘छोटू’ असं काहीतरी लिहून वेळ मारून नेऊ नका. रजिस्टरात ते नाव म्हणून चढलं, तर पुढे ते काढण्यासाठी खेटे घालावे लागतात. कोऱ्या रकान्यात नाव घालणं त्या मानाने फार सोपं.

२१ दिवस उलटले तरी जन्माची नोंद होत नाही असं नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष सरल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश, असा तो चढता क्रम आहे. त्रास वाढत जातो, म्हणून जन्म वेळेत नोंदवाच. विशेषतः १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. लोकांची घाई बहुधा यातूनच वाढली असावी. पण त्या बदलाने नावाची मुदत कमी झालेली नाही.

यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. नोंद जिथे जन्म झाला तिथल्या कार्यालयात असते, आपण राहतो तिथे नाही. पहिलं बाळंतपण बहुतेकींचं माहेरी. मग सासरच्या गावच्या ग्रामपंचायतीत दाखला मागायला गेलं की ‘आमच्याकडे नोंदच नाही’ हे उत्तर मिळतं, आणि घरात हलकल्लोळ. नोंद शाबूत असते, माहेरच्या नगरपालिकेत. नाव घालायचा अर्जही तिथेच द्यायचा.

दुसरा दावा, नाव कधीच बदलत नाही. हा अर्धाच खरा. जन्मनोंदीतलं नाव मनात आलं म्हणून बदलून मिळत नाही, पण नोंद चुकली असेल तर कलम १५ प्रमाणे दुरुस्ती होते. मूळ ओळ खोडत नाहीत, शेजारी समासात दुरुस्ती लिहितात. नाव खरोखरच बदलायचं असेल तर महाराष्ट्रात राजपत्रात जाहिरात देण्याची पद्धत आहे, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालक अर्ज करतात. ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिग्या यादव प्रकरणात नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग मानला आणि सीबीएसई या केंद्रीय शालेय परीक्षा मंडळाला नावबदलाचा मार्ग पूर्ण बंद ठेवता येणार नाही असं सांगितलं. मार्ग आहे, पण प्रत्येक कागदावर पुन्हा धावाधाव आहे. आधारवर तर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. माझ्या मते यातून उलटाच निष्कर्ष निघतो: पुढे बदलणं जड जातं म्हणूनच आधी सवड घ्यायची.

आता जन्माक्षर, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून निघणारं अक्षर. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ‘शास्त्रात सांगितलंय’ म्हटलं की तरुण आईवडील गप्प होतात. शास्त्रात काय आहे? आश्वलायन गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचा प्राचीन ग्रंथ मुलाच्या नावाचे नियम देतो. नाव घोष वर्णाने सुरू व्हावं, म्हणजे ग, द, ब, भ अशा अक्षराने. मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा वर्ण यावा. अक्षरं दोन किंवा चार, मुलाची समसंख्येत. नक्षत्राच्या चरणाचं अक्षर आधी हवं, असं तिथे नाही. शिवाय अभिवादनासाठी एक वेगळं नाव सांगितलं आहे, जे मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांना ठाऊक असावं. एका मुलाला दोन नावं, एक चारचौघांतलं आणि एक घरातलं, ही कल्पना इतकी जुनी आहे.

पंचांगातल्या अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून १०८ अक्षरं वाटली आहेत. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. या अक्षरांवरून नाव ठेवून दाखवा! तिथे गुरुजी स्वतःच दुसरं अक्षर सुचवतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मग जिथे ‘ठ’ किंवा ‘थ’ आला आणि आईला ते नाव रुचलं नाही, तिथेच एवढी सक्ती का? आपल्याकडे नावरस नाव, म्हणजे जन्माक्षरावरून काढलेलं नाव, पत्रिकेत राहतं आणि व्यवहारात दुसरंच लागतं, असं किती घरांत आहे. श्रद्धा असेल त्यांनी नावरस नाव बाळाच्या कानात जरूर सांगावं. दाखल्यावर तेच पाहिजे असा आग्रह मात्र त्या परंपरेचाही नाही.

अंकशास्त्राचं थोडक्यात. इंग्रजी अक्षरांना अंक देण्याच्या दोन पद्धती सर्रास चालतात, पायथागोरियन आणि खाल्डियन. ‘राम’ हे नाव आर, ए, एम असं लिहा. पहिल्या पद्धतीत ९, १ आणि ४, बेरीज १४, म्हणजे ५. दुसरीत २, १ आणि ४, म्हणजे ७. एकाच मुलाचे दोन नामांक! जादा ‘ए’ घातला की अनुक्रमे ६ आणि ८. यातून भाग्य उजळतं याला कसलाही आधार नाही. वाढीव अक्षराचा जाच मात्र खरा असतो. दाखल्यात दोन ‘ए’, शाळेच्या रजिस्टरात एक, पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्र, आणि हे सगळं त्या मुलाने निस्तरायचं.

यादीतल्या ‘संस्कृत’ अर्थांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ‘कियान’पुढे ‘देवाची कृपा, संस्कृत’ असं छापलेलं असतं. ते फारसी नाव आहे, राजांशी नातं सांगणारं. नाव सुंदरच आहे, आवडलं तर ठेवा, फक्त मुलाला उद्या खोटा अर्थ सांगू नका.

नाव ठरल्यावर रजिस्टरात चढवताना ते पूर्ण कसं लिहिलं जाणार हेही बघा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. चारही शब्द सलग मोठ्याने म्हणून पाहा, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं आईवडिलांच्या आधारशी ताडून मगच अर्जावर सही करा.