रोजी वाढली म्हणून दालमिलमध्ये मशीन आली, हे खरं नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला गावातल्या पाच-सहा जणांनी पाठवला. मजुरांनी रोजी वाढवून मागितली म्हणून विदर्भातल्या दालमिलवाल्यांनी ड्रायर (तूर वाळवायचं मशीन) आणि सॉर्टेक्स (रंग बघून डाळ निवडणारं मशीन) बसवले. मशीन आली की मजूर घरी बसतो. आणि तूर स्वस्त राहिली तरच मिल चालेल, मजुराला काम मिळेल, असं त्यात लिहिलंय. मी अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका दालमिलचे हिशेब बारा वर्षांपासून लिहितो. हा मेसेज आमच्या मिलमधल्या बायांनीही वाचला आणि रोजी वाढवून मागायची की नाही यावर त्यांच्यात दोन तट पडले. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी रोजीचं बघू. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे, आदल्या वर्षी तो ७,५५० होता. त्या एका क्विंटलवर वाळवण, निवड, भराई, हमाली अशी सगळी मिळून मजुरी समजा २०० रुपये. सढळ हातानेच धरतोय. ती सरसकट २० टक्के वाढली तर ४० रुपये होतात. एकट्या हमीभावाची वाढ ४५० रुपयांची, म्हणजे अख्ख्या मजुरीच्या दुपटीहून जास्त. अडतीवर बोली लागते तेव्हा ४० रुपयांचा फरक एका ढिगात आणि शेजारच्या ढिगात असतो. तेवढ्यासाठी कोणी लाखोंची मशीन आणत नाही.

मशीन येते ती उताऱ्यासाठी, म्हणजे क्विंटलमागे जास्त डाळ निघावी म्हणून. तुरीचं साल डाळीला डिंकासारखं चिकटलेलं असतं. म्हणून दाणा आधी खरवडायचा, तेल लावायचं, ओट्यावर दोन-तीन दिवस वाळवायचा, मग भरडायचा. वाळवण कमी-जास्त झालं की डाळ फुटते आणि चुरीत जाते, म्हणजे ढोरांच्या खाद्यात. क्विंटलमागे ७० किलो डाळ निघत होती ती ७३ निघाली, तर तीन किलो चुरीची डाळ झाली. डाळ ११० रुपये किलो आणि चुरी ३० रुपये धरली तर क्विंटलमागे २४० रुपये सुटले. तूर महाग झाली, तिच्यामागे डाळ चढली, की हा आकडाही वाढतो. मशीनला ओढून आणणारा भाव तुरीचा आहे, मजुरीचा नव्हे.

आमचा ड्रायर कसा आला ते मला पक्कं आठवतं. ओट्यावर तूर पसरली की बाया तिच्यात पायाने सऱ्या पाडत चालायच्या, म्हणजे खालचा दाणा वर यावा. त्यातली एक मावशी दोन दाणे दाताखाली फोडून सांगायची, "अजून एक ऊन पायजे." तिचा अंदाज क्वचित चुकायचा. पण जूनमध्ये ओटा भरलेला असताना पाऊस आला, ताडपत्री पुरली नाही आणि चाळीस पोत्यांची तूर फुगली. त्याच आठवड्यात मालकाने ड्रायरचं कोटेशन मागवलं. त्या वर्षी रोजी एक रुपयानेही वाढलेली नव्हती. वही माझ्याच हातची आहे.

आणि मशीनची स्वतःची किंमत? २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत लहान अन्नप्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के अनुदान ठेवलं, जास्तीत जास्त १० लाख. म्हणजे २० लाखांची यंत्रणा १३ लाखांत पडते. योजना चांगली आहे, लहान मिलला तिचा आधार आहे. पण रोजी तीच असताना मशीन सात लाखांनी स्वस्त झाली, तर मजुराच्या तुलनेत मशीन परवडायला लागली याचा दोष मजुरावर कसा येतो?

मशीन आली की मजूर घरी बसतो, हा दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. सॉर्टेक्स आल्यावर निवडणाऱ्या बाया कमी झाल्या आणि काही जणींना दुसरं काम मिळालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण शहरातला घेणारा सॉर्टेक्स मालच मागतो. रोजी निम्मी केली असती तरी हाताने निवडलेली डाळ त्या भावात गेली नसती. दुसरीकडे, ड्रायरमुळे मिल पावसाळ्यातही चालते. वीजबिलातला स्थिर आकार मिल बंद ठेवली तरी भरावाच लागतो, म्हणून मालकही ती चालू ठेवायला बघतो. हमालांचे आणि भराईवाल्यांचे दिवस वाढले. गेलं ते बायांचं काम, वाढलं ते पुरुषांचं. भांडायचं तर यावर भांडायला हवं, आणि मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही.

कोणी गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलचा दाखला देईल. सरकारी धानाच्या भरडाईत धान सरकारचं असतं; मिलने क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्यायचा, उसना म्हणजे उकडा असेल तर ६८, आणि ठरलेली भरडाई घ्यायची. धानाचा भाव मिलच्या वहीत येतच नाही, म्हणून मजुरी आणि वीज तिथे जास्त जाणवते. तो हिशेब तुरीला लागू होत नाही.

आता स्वस्त तुरीचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती, तेव्हा कामाचे दिवस घटले हे मी पाहिलंय. पण ते का घटले? बँकेची सीसी मर्यादा, म्हणजे माल घ्यायला मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा, ५० लाख असेल तर ५,०००च्या भावाने १,००० क्विंटल तूर येते, १०,०००च्या भावाने ५००. खेळतं भांडवल आटलं आणि मिल थांबली. यावर उपाय भांडवलाचा करायचा, शेतकऱ्याचा भाव पाडून नव्हे. २०१७ च्या सुरुवातीला तूर ५,०५० च्या हमीभावाखाली गेली आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. आमच्या मिलमधल्या बहुतेक बायांच्या घरी दोन-तीन एकर आहे आणि सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर असते. त्या वर्षी त्यांनी मिलमध्ये रोजी कमावली आणि घरची तूर मातीमोल विकली.

शिवाय तूर स्वस्त ठेवायची तर बाहेरून आणावी लागेल, आणि तुरीची आयात मे २०२१ मध्ये खुली झाली. ती तूर बंदरावर उतरते. अकोल्याच्या मिल अकोल्यात आहेत त्या तूर इथे पिकते म्हणून. बाहेरचीच तूर भरडायची ठरली, तर ती पाचशे-सहाशे किलोमीटर इथवर आणण्यापेक्षा बंदराजवळच भरडणं परवडेल.

परवा बायांनी मालकापुढे दोन मागण्या ठेवल्या: रोजीत पन्नास रुपये वाढ, आणि सॉर्टेक्स चालवायला दोघींना शिकवणं. पन्नासवर मालक "बघू" म्हणाला. सॉर्टेक्सवर मात्र सोमवारपासून दोघी उभ्या राहणार आहेत, आणि त्यातली एक ती दाणा फोडून बघणारी मावशी आहे.