छप्पन्न वेटोळी

आमच्या फाटकाला एकूण ५६ वेटोळी आहेत. हा आकडा मला पाठ आहे, कारण दर वर्षी एकदा त्यांतल्या प्रत्येकात मी पॉलिश पेपर गुंडाळलेलं बोट घालतो, गंज खरवडतो आणि बोट परत बाहेर येतंय का ते बघतो. आजवर ते दर वेळी आलेलं आहे. कातडीसकट आलं, असं मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही.

फाटक करायचं ठरलं तेव्हा बायकोचं मत स्पष्ट होतं. चार उभे गज, दोन आडव्या पट्ट्या, एक कडी. "फाटक उघडायचं आणि लावायचं असतं, वाचायचं नसतं," असं ती म्हणाली. पण मी कुठेतरी एक फोटो पाहिला होता. लोखंडी वेली, त्यांना पानं, पानांतून डोकावणाऱ्या कळ्या, वरच्या टोकांना भाले. येणाऱ्याजाणाऱ्याने थबकून बघावं असं काहीतरी आपल्या दारात असावं, ही माझी इच्छा. हौसेला मोल नसतं म्हणतात. वेल्डिंगवाल्याकडे ते असतं, आणि दर वेटोळ्यामागे वेगळं असतं.

घडीव लोखंड, म्हणजे इंग्रजीतलं रॉट आयर्न, हा शब्द मला फार आवडला होता. म्हणून फाटक येण्याआधी मी त्यावर मिळेल ते वाचून काढलं. (फाटक बसवणं लांबलं, त्यामुळे वाचन बरंच झालं.) घडीव लोखंड जवळजवळ शुद्ध असतं. कार्बन अगदी नावाला, ०.१ टक्क्याहूनही कमी. त्यात धातुमळीचे, म्हणजे भट्टीतल्या काचेसारख्या मळाचे, बारीक धागे पसरलेले असतात, त्यामुळे वाकवून मोडलं तर लाकडासारखे रेशे दिसतात. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, मात्र कार्बन २ ते ४ टक्के. बीड साच्यात ओतावं लागतं आणि त्याच्यावर हातोडा घातला तर ते तडकतं. वाकणं त्याच्या स्वभावात नाही. घडीव लोखंड तापवा, ठोका, पिळा, पानासारखं पातळ करा, त्याची तक्रार नसते. लग्नानंतरच्या वर्षांत माझ्यातलाही कार्बन बराच उतरला आहे, हे वाचतावाचता माझ्या लक्षात आलं.

हे लोखंड मोठ्या प्रमाणावर करायची रीत हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये इंग्लंडमध्ये काढली. भट्टीतलं वितळलेलं कच्चं लोखंड एक माणूस लांब सळईने ढवळत राहायचा. कार्बन जळत गेला की लोखंड वितळायला जास्त उष्णता मागतं, म्हणून भट्टी तितकीच तापलेली असूनही आतला रस घट्ट होऊ लागतो. मग त्याचा गोळा जमवायचा, बाहेर ओढायचा आणि घणाखाली घालायचा. त्या माणसांची कंबर आणि दंड यांचा विचार करून मी वाचता वाचता दोनदा उठून पाणी प्यायलो.

पुढचं प्रकरण वाचलं आणि पायाखालची जमीन सरकली. १८५६ मध्ये हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने पोलाद करायची झटपट युक्ती जाहीर केली, पोलाद स्वस्त होत गेलं आणि घडीव लोखंड मागे पडलं. ब्रिटनमधला शेवटचा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला. म्हणजे आज त्या नावाने जे विकलं जातं, ते बहुतेक सगळं साधं सौम्य पोलाद, म्हणजे माइल्ड स्टील, बाजारात ज्याला एमएस म्हणतात ते. मी धावत वेल्डिंगवाल्याकडे गेलो.

"हे रॉट आयर्नच आहे ना?"

"साहेब, शंकाच नको," तो म्हणाला. "एकदम प्युअर एमएस."

त्याच्याकडे ना भाता, ना ऐरण. थंड पट्टी एका मशीनमध्ये घालायची, दांडा फिरवायचा, वेटोळं तयार. पानं आणि कळ्या तर खोक्यातून आयत्याच आल्या होत्या, सगळ्या एकाच आईच्या.

तरी फाटक बसल्यावर दिसलं मात्र देखणं. रस्त्यापलीकडून. जवळ गेलं की त्याचे व्यावहारिक उपयोग सुरू होतात. बरोबर सदऱ्याच्या खिशाच्या उंचीवर दोन वेटोळ्यांची तोंडं बाहेर वळलेली आहेत. घाईत असलेला माणूस ती खिसा धरून थांबवतात. छत्री अडकवायला, पिशवी टांगायला आणि शेजारच्या मांजराला पाठ घासायला फाटक उत्तम. कळ्यांवर घरातली ओली फडकी वाळतात. कारागिराने कळ्या इतक्या कष्टाने कोरल्या असत्या तर त्याला वाईट वाटलं असतं, पण त्या खोक्यातून आल्यात, त्यामुळे माझंही मन खात नाही.

अनेक देशांच्या बांधकाम नियमांत कठड्याच्या दोन गजांमधून १० सेंटीमीटरचा चेंडू जाता कामा नये, असं कलम आहे. ते कलम का आहे, हे आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांच्या चिरंजिवांनी सप्रयोग दाखवलं. नक्षीच्या मधोमध मी हौसेने एक बदाम करून घेतला होता. डोकं आत जाताना कान मागे दुमडतात, बाहेर येताना पुढे. विज्ञानाची ही शाखा त्या दिवशी आम्ही सर्वांनी खोबरेल तेलाच्या मदतीने शिकून घेतली. चिरंजीव सुटले. तेल बदामावर महिनाभर राहिलं आणि फाटकाचा तेवढाच भाग त्या वर्षी गंजला नाही.

गंज हा आमच्या घरातला खरा विषय. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून रंगाला आधी फुगवटा येतो, मग पापुद्रा, मग खाली तपकिरी मैदान. सरळ गजावर हे प्रकरण तारेच्या ब्रशने दोन मिनिटांत मिटतं. वेटोळ्याच्या पोटात ब्रश जात नाही, कानस जात नाही. बोट जातं. आयफेल टॉवर खरोखरच कॉर्टच्या रीतीने ढवळलेल्या लोखंडाचा आहे, सुमारे ७,३०० टन, १८८९ पासून उभा. त्याला साधारण सात वर्षांनी रंग देतात. माझ्या फाटकाला वर्ष निघत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ तर सात मीटरचा, सहा टनांहून जड, सुमारे १,६०० वर्षं उघड्यावर, आणि अंगावर गंज जवळजवळ नाहीच. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर एक संरक्षक थर धरतो, असं अभ्यासक सांगतात. मी वेल्डिंगवाल्याला विचारलं, फॉस्फरसचं काही जमेल का? तो म्हणाला, "रेड ऑक्साईड मारू की."

तर यंदाही मारलं. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग फडकं, मग रेड ऑक्साईड, मग काळ्या रंगाचे दोन हात. एकेचाळिसाव्या वेटोळ्यापाशी पाठ सरळ होईना. बायको खिडकीतून म्हणाली, "चार गज असते तर आत्तापर्यंत आंघोळसुद्धा झाली असती." दर वर्षी ती हे त्याच वेटोळ्यापाशी म्हणते. बहुधा तिनेही मोजली असावीत.

इतक्यात रस्त्यावरून जाणारे एक गृहस्थ थबकले. अगदी मला हवे होते तसे. चार पावलं मागे सरकून त्यांनी वेली बघितल्या, पानं बघितली, भाले बघितले.

"घडीव लोखंड ना? असं काम हल्ली बघायला मिळत नाही."

कॉर्ट, बेसेमर, धातुमळीचे धागे, सगळं जिभेवर आलं.

"हो," मी म्हणालो.

खिडकीत खोकला ऐकू आला. गृहस्थ पुढे झाले, पहिल्याच पानावरून त्यांनी प्रेमाने बोट फिरवलं, आणि मग मला विचारलं, "रंग ओला आहे का?"