‘या’ चढाईसाठी रुपये १०१

गेल्या रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास मी माझ्याच गावाच्या कबड्डी संघाविरुद्ध रोख १०१ रुपयांचे बक्षीस दिले, ही गोष्ट आता आमच्या गावात सर्वमान्य झाली आहे. ती खरी नाही हे सांगण्याची माझी इच्छा अजून पुरती मेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात कापसाचा दुसरा वेचा आटोपला की दर रविवारी कोणत्या ना कोणत्या गावी खुले सामने भरतात आणि माझा आठवडा त्या रविवारवर लटकलेला असतो. सोमवारी मी कबड्डीचे नाव काढत नाही. बुधवारपर्यंत रागाची जागा आशेने घेतलेली असते. शुक्रवारी बातमी येते की आमचा डावा कोपरा सांभाळणारा गडी कंपनीत लागायला पुण्याला गेला. शनिवारी त्याची आई सांगते की तो परत आला, जेवण मानवले नाही. आणि रविवारी आम्ही हरतो. मधल्या दिवसांत रणजीचा सामना असला तर शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून मी विदर्भाचा धावफलक पाहतो, कारण गावात मोबाइलला रेंज तेवढ्याच जागी आहे. ज्यांना मी जन्मात भेटलेलो नाही त्या खेळाडूंनी २०१८च्या १ जानेवारीला इंदूरला दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक आणला, २०१९ साली तो राखला आणि २०२५ साली पुन्हा मिळवला. आणि ज्या पोरांना मी हात धरून बाराखडी गिरवायला लावली ती पोरे मला दर रविवारी मान खाली घालून घरी आणतात.

रविवारी उपांत्य सामना होता. चार मिनिटे उरली होती, आम्ही २६-२८ असे मागे होतो आणि आमच्या लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या होत्या. तिसऱ्या चढाईत गुण घेतला नाही तर चढाईपटू बाद, हा नियम तिथल्या शेंगदाणे विकणाऱ्यालाही पाठ असल्यामुळे सगळा मंडप उभा राहिला. मला काय झाले कोणास ठाऊक. सामन्यांच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी पानटपरीवाल्याच्या पेनने लिहिले, ‘या चढाईसाठी रुपये १०१’, खाली माझे नाव व गाव लिहिले, शंभराच्या नोटेवर रुपयाचे नाणे ठेवून पुडी केली आणि ती पुढे सरकवली. आमच्याकडे ही रीतच आहे. चिठ्ठी येते, निवेदक ती माइकवरून वाचतो, चढाईपटूच्या अंगात बळ येते आणि देणाऱ्याचे नाव चार गावांना ऐकू जाते. दुसऱ्या फायद्याचा विचार माझ्या मनात अजिबात नव्हता असे मी म्हणणार नाही.

ती पुडी आधी एका बिल्लेवाल्या पोराने घेतली, मग पुढच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून चिठ्ठी वाचली, मग मंडळाच्या सचिवांनी पैसे वेगळे काढून खिशात ठेवले, आणि एवढे सोपस्कार झाल्यावर चिठ्ठी निवेदकापाशी पोहोचली. चढाईला तीस सेकंद असतात. तेवढ्यात आमच्या पोराने बोनसच्या जादा गुणासाठी पाय टाकला होता, त्यांच्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला होता, बाकीच्यांनी त्याच्यावर ढीग घातला होता, पंचांची शिट्टी झाली होती आणि त्यांचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आमच्या अंगणात आला होता.

“आत्ताच हाती आलेल्या चिठ्ठीनुसार,” लाउडस्पीकर गरजला, “या चढाईसाठी ज्येष्ठ शिक्षक, दानशूर क्रीडाप्रेमी, पाहुण्या संघाच्या गावचे असूनही खेळाला गावापेक्षा मोठे मानणारे आपले लाडके सर यांच्यातर्फे रोख रुपये एकशे एक! टाळ्या झाल्या पाहिजेत!”

टाळ्या झाल्या. आमचे सहा गडी अजून मैदानात होते म्हणून बोनस खुला होता. त्यांच्या पोराने बोनस घेतला, परतताना दोघांना हात लावला आणि एका चढाईत तीन गुण नेले. आमच्या गावची चाळीस माणसे एकाच वेळी वळून माझ्याकडे पाहू लागली.

मी गर्दी चिरत निवेदकाच्या टेबलापाशी गेलो. हा निवेदक माझाच विद्यार्थी. पंचक्रोशीत कबड्डी असो, साक्षगंध असो की श्रद्धांजली सभा, माइक त्याच्याच हाती असतो, आणि माइकवरचे त्याचे मराठी व माइकखालचे त्याचे मराठी ही दोन वेगळ्या माणसांची असावीत असे वाटते. माझ्याकडे पाहून त्याने एक बोट वर केले, म्हणजे थांबा, आणि माइकवर वाक्य पुरे केले. “ज्या मातीतल्या खेळाचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला दाखविले, तोच हा खेळ!” हे वाक्य सकाळपासूनचे सातवे होते. मग माइकवर तळहात ठेवून तो म्हणाला, “बोला सर.”

“अरे, ते बक्षीस आमच्या पोरासाठी होते.”

“असं चिठ्ठीत कोठी लिवलं हाय?”

“चिठ्ठीत ‘या चढाईसाठी’ लिहिले आहे.”

“मंग मी ‘या’च चढाईले देलं नं.”

“मी लिहिले तेव्हा ‘या’ म्हणजे आमची चढाई होती.”

यावर त्याने चिठ्ठी उचलून दिव्याखाली धरली. चेहऱ्यावर मला फार जुना, ओळखीचा भाव दिसला. सातवीत तिसऱ्या बाकावर बसून तो उत्तर आठवत असे तेव्हाचा. “सर, तुमीच शिकवलं होतं. जवळचं दाखवाचं तं ‘हा’, दूरचं दाखवाचं तं ‘तो’. चिठ्ठी माह्या हाती आली तवा तुमची चढाई दूर गेली होती. ते ‘त्या’ झाली होती. तुमाले ‘त्या चढाईसाठी’ लिवाले पाह्यजे होतं.”

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझे व्याकरण इतके नेमके लक्षात ठेवणारा विद्यार्थी मला दुसरा भेटलेला नाही. आणि अशा वेळी माणसाने काय बोलावे? पैसे परत मागावेत, निदान घोषणा दुरुस्त करून घ्यावी. मी म्हणालो, “नामाच्या आधी आले की ते दर्शक सर्वनाम राहत नाही. ते सार्वनामिक विशेषण होते.”

तो हसला नाही, हे विशेष. त्याने मान डोलावली, माइकवरचा हात काढला आणि अत्यंत आदराने जाहीर केले, “सर स्वतः मंचापाशी येऊन विजयी चढाईपटूचे अभिनंदन करीत आहेत!” सचिवांनी मला पावती फाडून दिली. पावतीवर ‘कारण’ या रकान्यासमोर यजमान संघाचे नाव लिहिले होते.

आम्ही २८-३४ असे हरलो. परतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत थंडी होती, अंगावर ताडपत्री होती आणि माझ्या दोन्ही बाजूंना एरवी कधी नसते एवढी जागा मोकळी होती. एक नदी आणि दोन फाटे ओलांडेपर्यंत कोणी बोलले नाही. शेवटी मीच विषय काढला. म्हटले, निष्ठा ही गोष्ट इतकी सरळ नसते. २०१९ साली नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राचे अकरा बळी घेऊन ज्या आदित्य सरवटेने आपल्याला करंडक मिळवून दिला, तोच २०२५च्या अंतिम सामन्यात त्याच जामठ्यावर केरळकडून खेळला आणि त्याने आपल्याविरुद्ध ७९ धावा काढल्या. पहिल्या डावात आपल्याला आघाडी किती मिळाली? अवघ्या ३७ धावांची. सामना अनिर्णित राहिला आणि त्या ३७ धावांवर करंडक आला. आपल्या बाजूने दानिश मालेवारने १५३ काढल्या खऱ्या, पण ८६ आणि १३५ काढणारा करुण नायर मूळचा कर्नाटकचा. सरवटेला कोणी फितूर म्हटले का? नायरला कर्नाटकात कोणी वाळीत टाकले का?

ट्रॉलीत बराच वेळ शांतता होती. मला वाटले, मुद्दा पोहोचला. मग ताडपत्रीखालून आमच्या कर्णधाराचे वडील बोलले. “सर, त्यायनं चिठ्ठी देली नव्हती.”

माझ्या चिठ्ठीमुळेच आम्ही हरलो, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. पण सामन्याची वेळ सकाळी दहाची असताना उद्घाटनाचे पाहुणे दीड वाजता आले, तोवर पोरे अर्ध्या चड्डीवर उन्हात बसून राहिली, आणि पाहुण्यांची भाषणे संपेस्तोवर उपांत्य सामना रात्रीच्या गारठ्यात गेला, याबद्दल ट्रॉलीत कोणी अवाक्षर काढले नाही. मंडपाच्या फलकावर मी मोजले तर सव्वीस चेहरे होते. त्यांत एकही खेळाडू नव्हता. आमची पोरे शाळेमागच्या ज्या पट्ट्यात सराव करतात तिथे पऱ्हाटीचे खुंट निघतात, नोव्हेंबरात त्याच जागी सोयाबीन वाळते, आणि मॅट मात्र त्यांना स्पर्धेच्या दिवशीच पायाखाली मिळते. अनवाणी, घामेजल्या पायांनी त्या गुळगुळीत मॅटवर बोनस घ्यायला गेलेल्या पोराचा घोटा सापडणार नाही तर काय होईल? मॅटसाठी चार वर्षांपूर्वी मीच अर्ज लिहिला होता. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. त्याचे पुढे काय झाले हे विचारायला गेलो की अर्ज ‘वर’ गेला आहे असे सांगतात.

सोमवारी चहाच्या टपरीवर मी गेलो तेव्हा मालकाने विचारले, “सर, हा चहा कोनाच्या नावावर लिवू? आपल्या का त्यायच्या?” मंगळवारी सातवीच्या वर्गात ‘हा, ही, हे’ शिकवताना मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच “रोख रुपये एकशे एक” म्हणाले आणि मी न ऐकल्यासारखे केले. बुधवारी बायकोला शर्टाच्या खिशात पावती सापडली. तिची हरकत फितुरीला नव्हती, रकमेला होती.

गुरुवारी आमच्याकडे बाजार असतो. वांग्यांच्या ढिगाशी भाव करत असताना कोणीतरी वाकून माझ्या पायांना हात लावला. पाहतो तर तोच चढाईपटू. उजव्या गुडघ्यावर नवी कोरी, निळ्या रंगाची लवचीक पट्टी. म्हणाला, “सर, तुमच्याच पैशाची घेतली. नव्वदची होती. वरचे चाळीस घरून टाकले.”

मी हिशेब केला. “म्हणजे तुझ्या हातात पन्नासच पडले?”

“हो सर. बाकी एक्कावन माइक आन मंडपात कापले.”

एवढी चीड मला रविवारीही आली नव्हती. फितुरीचा शिक्का मी पूर्ण एकशे एक रुपयांचा घेऊन फिरत होतो आणि ती केली होती फक्त पन्नासांची. पोराचा मात्र काही रोष नव्हता. गुडघा वाकवून, सरळ करून त्याने मला पट्टी दाखवली, आधीची पट्टी म्हणजे त्याच्या आईच्या लुगड्याचा काठ होता असे सांगितले, आणि मग विचारले, “रविवारी तुमच्याच गावात सामने हायेत. आमी येऊन रायलो. तुमी असान नं सर? तुमी असले का चढाईले दम येते.”

माणूस समोर उभा राहून इतक्या आपुलकीने विचारत असताना नाही म्हणायला जीभ धजत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून, जरा मोठ्यानेच, म्हणालो, “अरे, असणार म्हणजे काय! तुझीच चढाई पाहायला येणार.”

वांगी पिशवीत टाकून मी मागे वळलो, तेव्हा शेजारच्या दुकानी पाव किलो लसूण हातात धरून आमच्या कर्णधाराचे वडील उभे होते.