रिव्हर्स गियर

इंग्लंडात नोकरी लागली म्हटल्यावर वडिलांनी सांगलीत पेढे वाटले. मग मी त्यांना सविस्तर सांगितलं. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन नावाचा परगणा, त्याच्या उत्तर भागातलं खेडं, एक चर्च, एक पब, एक दुकान. ऑफिस म्हणजे गुरांचा जुना गोठा दुरुस्त करून केलेलं, आणि काम शेतकऱ्यांचे हिशेब लिहिण्याचं. वडील जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गोठ्यातच बसायचं होतं, तर आपला काय वाईट होता?"

गोठ्याबद्दल माझी तक्रार नाही. हीटर होता, तासातासाला चहा होता, आणि शेतकरी वर्षभराच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात कोंबून आणून द्यायचे, त्यामुळे परकंही वाटत नव्हतं. माझा छळ केला तो घर ते गोठा या चार मैलांच्या रस्त्याने.

रस्ता म्हणायचं ते आपलं सौजन्य. एक गाडी जेमतेम मावेल एवढी डांबराची पट्टी, तिच्या मधोमध गवत उगवलेलं, आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेली कुंपणं. डेव्हनचं कुंपण म्हणजे बंगल्याभोवतीची मेंदी नव्हे. मातीचा बांध, पुष्कळदा त्याला दगडाचं तोंड, आणि वर काटेरी झुडपं. त्यातली काही कुंपणं सात-आठशे वर्षांची. वरून गवत आणि रानफुलं अशी पसरलेली असतात की घासली गाडी तर घासली, असं वाटतं. आत दगड आहे, हे माझ्या गाडीच्या डाव्या दाराने पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. आणि अशा रस्त्याच्या तोंडाशी पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ असलेली पाटी! तिचा अर्थ, वेगमर्यादा ताशी ६० मैल. म्हणजे ९६ किलोमीटर. मी तिथे कधी २० मैलांच्या वर गेलो नाही. तिथल्या सरकारचा माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

भारतातलं लायसन्स तिथे पहिले १२ महिने चालतं, गाड्याही डावीकडूनच चालतात, म्हणून मी निर्धास्त होतो. समोरून कोणी आलं तर काय, हा प्रश्न डोक्यातच आला नाही. त्यासाठी तिथे रस्ता अधूनमधून जरा फुगवलेला असतो, त्याला पासिंग प्लेस म्हणतात. ती ज्याला जवळ पडेल, त्याने मुकाट मागे जायचं. आता मागे जायचं म्हणजे काय, हे सांगलीकराला विचारा! समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला तरी आम्ही बोनेट पुढे घुसवतो, मग खाली उतरतो, मग गाव जमतं, आणि पुढचं गाव बघून घेतं. पंधरा वर्षं गाडी चालवून मी रिव्हर्स गियर वापरला होता तो पार्किंगपुरता. तोही मागे वॉचमन "येऊ द्या, येऊ द्या... बास!" म्हणायला असेल तर.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सव्वाआठला, वळण घेतलं आणि समोर दुधाचा टँकर. चकचकीत स्टीलचा, रस्ताभर. त्याच्यात मला माझी गाडी उलटी आणि फार बारीक दिसत होती. पासिंग प्लेस मी दोनशे यार्ड मागे नुकतीच सोडली होती. रिव्हर्स टाकला, मान मोडेपर्यंत वळवली. गाडी दहा फूट सरळ गेली, मग तिला डाव्या कुंपणाचं प्रेम आलं. पुढे घेतली, पुन्हा मागे. आता उजव्या कुंपणाचं. आरसा फाटकन मिटला. क्लचचा जळका वास सुटला. चौथ्या खेपेनंतर बघतो, तर निघालो तेव्हापेक्षा टँकरच्या जास्त जवळ होतो.

टँकरवाल्याने इंजिन बंद केलं, थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतून घेतला. राग नाही, घाई नाही. त्याने हॉर्न मारला असता तर बरं वाटलं असतं. तेवढंच काहीतरी ओळखीचं. चहा संपल्यावर तो खाली उतरला. साठीचा, झुबकेदार मिशांचा. माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "ऑल राइट, माय लव्हर?"

मी दार आतून लॉक केलं.

त्या भागात हे कोणीही कोणालाही म्हणतं, आपल्या 'काय राव'सारखं, हे मला नंतर कळलं. त्याने खुणेनेच विचारलं, मी घेऊ का मागे? मी पलीकडच्या सीटवर सरकलो. एक हात स्टिअरिंगवर, एक माझ्या सीटच्या पाठीवर, आणि गाडी रेघ मारल्यासारखी सरळ मागे. मिनिटभरात पासिंग प्लेस! चालत परत गेला, टँकर आणला, आणि जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट फक्त वर केलं.

ऑफिसात शिरतो तोच रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, "टँकर भेटला म्हणे?" मोबाइलला तिथे रेंज नाही, गोठ्याकडे यायचा रस्ता एकच, आणि तो अर्धा तास मीच अडवून बसलो होतो. बातमी कुठून गेली, देव जाणे.

मग दर रविवारी गावच्या हॉलमागच्या मोकळ्या जागेत सराव. बायको मागे उभी राहून ओरडायची, "डावीकडे! तुझं डावं नाही, गाडीचं डावं!" वर्ष संपताना तिथली ड्रायव्हिंग टेस्ट दिली, २०१९ साली. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ असतात, माझ्या चौदा झाल्या. मागे जायला लावलं ते किती, तर दोन गाड्यांच्या लांबीएवढं. मला हसूच आलं. परीक्षकाने ते लिहून घेतलं असावं.

पण मागे जाणं हे निम्मंच काम. उरलेलं बोटांचं. एक बोट म्हणजे नेहमीचा नमस्कार, चार बोटं म्हणजे तुम्ही बरंच मागे गेलात, पूर्ण पंजा म्हणजे तुमचं चाक चरात गेलंय. शेतकरी नुसती हनुवटी उचलतात, आणि त्यातच सगळं आलं. काहीच न करणारा माणूस गावातून उठला म्हणून समजा. सुरुवातीला मी चक्क दोन्ही हात जोडायचो. उतारावर एकदा जोडले, मग सोडून दिलं.

ऑगस्टात पर्यटक येतात. तिकडे त्यांना 'ग्रॉकल' म्हणतात, आणि कौतुकाने म्हणत नाहीत. एका शुक्रवारी मागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, लावलेली भलीमोठी गाडी समोर उभी ठाकली. बाई रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅवला झापत होत्या, नवरा स्टिअरिंग आवळून समोर बघत होता. तो चेहरा मी ओळखला. टँकरच्या स्टीलमध्ये पाहिला होता. मी काही न बोलता रिव्हर्स टाकला, शेजारी कोणी नसतानाही सीटच्या पाठीवर हात ठेवला आणि चढ, वळण सगळं धरून पाव मैल एका दमात मागे गेलो. आरसासुद्धा मिटला नाही. कुंपणाला चिकटून उभा राहिलो. कॅरव्हॅन शेजारून सरकत गेली. बोट नाही, हनुवटी नाही, काही नाही.

ऑफिसात जाऊन मी कॉम्प्युटरही उघडला नाही. "पाव मैल!" मी रिसेप्शनवरच्या बाईंना सांगितलं. "पाव मैल मागे गेलो, आणि मेल्याने एक बोट उचललं नाही!"

"ग्रॉकल्स," बाई म्हणाल्या, आणि माझी समजूत घालायला बिस्किटांचा डबा पुढे केला. उघडला, तर आत कुणाच्या तरी खताच्या पावत्या.