स्माइल कुठेय?

सोसायटीच्या नृत्यस्पर्धेतून आत्ता घरी आलेय आणि डोकं अजून तापलेलं आहे. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

भाची चौदा वर्षांची. बाकीच्या पोरी रिमिक्सवर उड्या मारत होत्या, ही बया स्टुलावर बसून नाचली. होजिअरीच्या कापडाची नळी शिवून घेतलेली, बाहेर फक्त चेहरा, हात आणि पावलं. आतून ते कापड ताणत, पिळवटत चारेक मिनिटं. मग परीक्षक बाईंनी माइक घेतला. "बेटा, प्रयत्न छान. पण नाचलीस कमी, बसलीसच जास्त. आणि स्माइल कुठेय?"

अख्खं क्लब हाउस हसलं.

मेलं ते स्माइल! मी सहावीत होते. गॅदरिंगला कोळीगीत. पहिल्याच कडव्यात स्टेजच्या फळीतला खिळा तळपायात घुसला. विंगेत आमच्या बाई दोन बोटांनी स्वतःचे ओठ ताणून खुणा करत होत्या, हस, हस! मी हसले. पुढची सगळी कडवी हसले. ग्रूपला पहिला नंबर मिळाला, मला धनुर्वाताचं इंजेक्शन. त्या नाचाचा फोटो आईच्या शोकेसमध्ये अजून आहे.

भाचीला मार्था ग्रॅहमचं 'लॅमेंटेशन', म्हणजे 'विलाप', मीच दाखवलं होतं. ग्रॅहम म्हणजे अमेरिकेतल्या मॉडर्न डान्सची मोठी नर्तकी. १९३० सालचं, न्यूयॉर्कचं. बाकावर बसलेली एकटी बाई आणि अंगावर ताणणारं कापड, संपलं. ती कुणाची कोण, कोण गेलंय, काही सांगत नाही. कापडाच्या आत दुःखच वळवळतंय असं वाटतं. ग्रॅहमचं सगळं तंत्र श्वासावर उभं आहे. श्वास सोडताना पोट आत खेचायचं, पाठीची कमान करायची, मग सोडून द्यायचं. हुंदका येतो तेव्हा पोटाचं काय होतं ते आठवा. तेच. आता यात स्माइल कुठे बसवायचं, सांगा ना!

आणि हे काही आजचं नाही. ग्रॅहमच्या आधीची अमेरिकन नर्तकी लोई फुलर रेशमाचे घोळच्या घोळ फिरवत त्यावर रंगीत उजेड खेळवायची. लोक तिची नक्कल करायला लागले म्हणून ती १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली. कोर्टानं काय सांगावं? यात गोष्टच नाही, म्हणून हक्कही नाही. म्हणजे त्या काळीही 'हा कसला नाच' म्हणणारे होतेच, फक्त त्यांच्या हातात माइक नव्हता, निकालपत्र होतं. तिकडच्याच इझाडोरा डंकन या नर्तकीनं बॅलेचे बूट आणि कॉर्सेट दोन्ही फेकून दिलं आणि ढगळ झग्यात अनवाणी नाचली. आपल्याला अनवाणी नाचण्याचं काय कौतुक, पण तिकडे तो धक्काच होता. (अनवाणी म्हटलं की मला खिळाच आठवतो, इलाज नाही.) ग्रॅहमच्याच काळातल्या डॉरिस हम्फ्रीनं तर तोल जाणं आणि तो सावरणं, यातच सगळा नाच आहे असं मानलं. तिच्या हाताखाली असते तर त्या दिवशी सरळ खाली बसले असते आणि तीही स्टेपच ठरली असती.

हो, या मॉडर्न डान्सवाल्यांचे दोषही माहितीयेत, ते सांगायला कमेंटमध्ये येऊ नका. अमेरिकन नर्तकी रूथ सेंट डेनिसला सिगारेटच्या जाहिरातीतली इजिप्शियन देवी बघून पूर्वेचं वेड लागलं आणि भारतात पाऊल न ठेवता तिनं १९०६ मध्ये 'राधा' नाचून दाखवली. आपली राधा, परस्पर! जर्मन नर्तकी मेरी विगमननं हिटलरच्या राजवटीतल्या १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सोहळ्यात काम केलं. धुतल्या तांदळासारखं कुणीच नव्हतं. पण त्याच बर्लिनचं आमंत्रण ग्रॅहमनं धुडकावलं, हेही लिहा मग.

आणि कथकवाल्या मैत्रिणींनो, करुण आणि बीभत्स आपल्याकडे केव्हापासून आहेत, मान्य. मग पोरींच्या ओठांना ही क्लिप लावली कुणी?

गाडीत भाची गप्प होती. सिग्नलला म्हणाली, "आत्या, तू खिळा काढलास कधी?"

"पडदा पडल्यावर."

"का पण?"

मला उत्तर देता आलं नाही. सिग्नल सुटला म्हणून वाचले.

त्या परीक्षक बाईंचाही खरं तर राग नाही. बिचाऱ्या रविवार मोडून फुकट आल्या होत्या. त्यांनाही कधीतरी कुणीतरी विंगेतून ओठ ताणून दाखवलेच असतील. पण चौदा वर्षांच्या पोरीला दोनशे माणसांसमोर? नाही, आहे राग. आहेच.

ग्रॅहमचे वडील मनाच्या आजारांचे डॉक्टर होते. शरीराची हालचाल खोटं बोलत नाही, असं ते लेकीला सांगायचे. माझ्या त्या फोटोत नीट बघितलं तर डावी टाच उचललेली दिसते. सगळ्यांना ती स्टेप वाटते.

आत्ताच आईला फोन केला. म्हटलं, तो फोटो शोकेसमधून काढ.

"अगं का? किती गोड हसतेयस त्यात!"